चोर ठरलेल्या मुलाची दाद

(नभोवाणीवरील भाषण)

घरातील एखादी वस्तू नाहीशी झाली, म्हणजे आपली नजर प्रथम कोणाकडे वळते, याचा ज्याने त्याने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे विचार करून पाहावा. कपाटातील अंगठी सापडेनाशी होते, किंवा खिशातील पैसे मोजताना कमी भरतात; आणि घरातील मंडळी एकमेकांकडे पाहण्यापूर्वीच धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाकडे, दूध घालणाऱ्या पोराकडे, नाहीतर वाण्याच्या दुकानातून सामान आणून देणाऱ्या पोऱ्याकडे पाहू लागतात. पुष्कळदा ती अंगठी आठ दिवसांनी गादीखाली सापडते. आपण हसतो आणि विसरून जातो. परंतु ते आठ दिवस त्या मुलाने कसे काढले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

आज मला बोलावयाचे आहे ते मुलांच्या चोऱ्यांविषयी नव्हे. त्या विषयावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत. ज्या मुलाविषयी ‘याने चोरी केली’ असा निर्णय एखाद्या अधिकृत मंडळाने दिला आहे, त्या मुलाने त्या निर्णयाविरुद्ध वरच्या न्यायालयाकडे दाद मागावी की नाही, मागावयाची तर ती कशी, आणि मुख्य म्हणजे का, एवढाच माझा विषय आहे. तो वरवर पाहता वकिलांचा वाटेल. पण तो तुमच्या-आमच्या घरांचाही आहे. कारण अशा प्रकरणांतील फिर्यादी बहुधा तुमच्या-आमच्यासारखाच कोणीतरी असतो.

या विषयावरची एक फार जुनी कथा आपल्याला महाभारताच्या आदिपर्वात सापडते. मांडव्य नावाचे ऋषी आपल्या आश्रमापाशी वृक्षाखाली हात उंच करून, मौनव्रत धरून तप करीत उभे होते. राजाच्या शिपायांनी पाठलाग केलेले चोर लुटीसह तेथे येऊन आश्रमात लपले. मागून शिपाई आले. ‘चोर कोणत्या वाटेने गेले?’ म्हणून त्यांनी विचारले. ऋषींचे मौन होते. ते काही बोलले नाहीत. शोध घेता आश्रमात चोर सापडले, लूट सापडली. शिपायांना शंका आली, शंकेचा निश्चय झाला, आणि राजाने चोरांबरोबर ऋषींनाही सुळावर चढविण्याची आज्ञा दिली. तपोबलाने ते सुळावर जिवंत राहिले. पुढे राजाला चूक कळली, त्याने क्षमा मागितली. पण सूळ काही केल्या बाहेर निघेना. शेवटी तो तोडावा लागला, आणि त्याची अणी त्यांच्या शरीरात तशीच राहिली. म्हणून त्यांचे नाव पडले अणीमांडव्य.

कथा येथे संपत नाही. हे ऋषी प्रत्यक्ष धर्मराजाच्या सभेत गेले आणि त्यांनी विचारले, मला ही शिक्षा कोणत्या पापाची? धर्माने सांगितले की, लहानपणी आपण किड्यांच्या पाठीमागच्या भागात गवताची काडी खुपसली होती, त्याचे हे फळ. त्यावर मांडव्यांनी धर्मालाच शाप दिला, आणि त्या शापामुळे धर्म विदुराच्या रूपाने जन्माला आला. त्याच वेळी त्यांनी एक मर्यादा घालून दिली : चौदा वर्षे पुरी होईपर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागू नये. श्रोतेहो, चोरीच्या खोट्या आळाविरुद्धची ही तक्रार आहे, आणि बालकाच्या कृत्याला प्रौढाचे माप लावण्याविरुद्धचीही आहे. दोन्ही गोष्टी एकाच कथेत याव्यात, हा केवळ योगायोग मला वाटत नाही. ‘मूल आहे, त्याला कठोर शासन करू नका’ ही एक गोष्ट झाली. आणि ‘त्याने ते केलेच नाही, त्याला शासन करूच नका’ ही दुसरी. पहिलीत दया आहे, दुसरीत न्याय आहे. माझे आजचे सारे म्हणणे या भेदावर उभे आहे.

आधुनिक काळात दयेची बाजू पुष्कळ पुढे गेली. आपल्याकडे १८५० साली अप्रेंटिसांचा कायदा झाला, आणि लहान गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी एखादा हुन्नर शिकविण्याची कल्पना रुजली. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारशाळा निघाली. पुढे १८७६ व १८९७ या वर्षी सुधारशाळांचे कायदे झाले. १८९९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले आणि ती कल्पना जगभर पसरली. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांचे खटले निराळे चालवावेत अशी शिफारस केली; मद्रासने १९२० साली, बंगालने १९२२ साली आणि मुंबई इलाख्याने १९२४ साली आपापले बालक कायदे केले. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था उभी राहिली.

ही प्रगती सगळीकडे सारखी झाली नाही. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात ताडकळस म्हणून एक गाव आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याचा कायदा त्याच्या वेशीपाशी थांबत असे. पुढे १९८६ साल उजाडले. त्या वर्षी बालन्यायाचा अखिल भारतीय कायदा झाला. त्याच्या जागी २००० साली दुसरा आला. आणि १५ जानेवारी २०१६ पासून २०१५ सालचा बालन्याय अधिनियम अमलात आला आहे. आज मी ताडकळसचेच उदाहरण पुढे घेणार आहे. कारण कायद्याची खरी परीक्षा उच्च न्यायालयाच्या इमारतीत होत नाही, ती अशा गावात होते.

तत्पूर्वी दयेपासून उद्भवणाऱ्या एका संकटाविषयी सांगितले पाहिजे. मुलांच्या न्यायालयाचा हेतू शिक्षा करण्याचा नसून सुधारण्याचा आहे, असे एकदा ठरले, की पुराव्याविषयी एक प्रकारची ढिलाई येऊ लागते. ‘आम्ही याचे वाईट थोडेच करणार आहोत? मग वकील कशाला, साक्षी कशाला, उलटतपासणी कशाला?’ असे सज्जन माणसेही म्हणू लागतात. अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानात १९६४ साली पंधरा वर्षांच्या एका मुलावर शेजारणीशी टेलिफोनवर अश्लील बोलल्याचा आळ आला. आईबाप कामावर गेले असता त्याला पकडून नेले. घरी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. फिर्यादी बाई न्यायाधीशापुढे एकदाही आली नाही. सुनावणीचे टिपण ठेवले गेले नाही. आणि निकाल असा, की एकवीस वर्षांचा होईपर्यंत मुलाने सुधारशाळेत राहावे! हेच कृत्य प्रौढाने केले असते तर पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद, एवढीच शिक्षा होती. शिवाय त्या संस्थानात मुलांच्या प्रकरणांत अपिलाची सोयच नव्हती. आईबापांना निराळ्या अर्जाने, बेकायदा अटकेविरुद्धची दाद मागत, वरपर्यंत जावे लागले. १५ मे १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गॉल्ट प्रकरण या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल दिला आणि सांगितले की, मुलालाही आरोपाची सूचना, वकील, साक्षीदारांची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा अधिकार आहे. अपिलाच्या हक्काचा निर्णय मात्र त्या न्यायालयाने त्या वेळी दिला नाही.

दुसरे प्रकरण चोरीचेच आहे. न्यूयॉर्कमध्ये बारा वर्षांच्या एका मुलाने कपाटातील एका बाईच्या पाकिटातून ११२ डॉलर चोरले, असा आरोप होता. तेथील कायद्याप्रमाणे मुलाच्या बाबतीत, पुराव्याचे पारडे एका बाजूला थोडेसे झुकले तरी पुरे, असे होते. हा पुरावा प्रौढाच्या खटल्यात कदाचित पुरा पडणार नाही, हे न्यायाधीशांनी मान्य केले. तरीही मुलाला दोषी ठरवून सुधारशाळेत पाठविले. प्रथम अठरा महिने, आणि वाढवीत वाढवीत अठराव्या वाढदिवसापर्यंत. मुलाच्या बाजूने अपील झाले. ते एकामागून एक पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ३१ मार्च १९७० रोजी विन्शिप प्रकरणात ठरले की, मुलाविरुद्धचा आरोपदेखील वाजवी संशयाला जागा न उरेल इतका सिद्ध झाला पाहिजे. एका बारा वर्षांच्या मुलाने ११२ डॉलरांच्या चोरीबद्दल केलेल्या अपिलाने त्या देशातील प्रत्येक मुलाचे रक्षण झाले. अपील हे केवळ एका घराचे काम नसते, ते असे.

आता ताडकळसला येऊ. पुढील उदाहरण मी कल्पनेने रचले आहे. ते कोणाही व्यक्तीचे नाही. असे समजा, की चौदा वर्षांचा एक मुलगा किराणा दुकानात साखर आणावयास गेला. सायंकाळी दुकानदाराला गल्ल्यात पाचशे रुपये कमी दिसले. मुलगा गल्ल्याजवळ उभा होता, हे त्याला आठवले. मुलाच्या खिशात दोनशे रुपये निघाले. ‘मामाने दिले’ असे तो म्हणाला. पण मामा दूरगावी. प्रकरण ठाण्यावर गेले. शाळा सुटलेली, बाप मोलमजुरी करणारा, आई दुसऱ्यांच्या शेतांत खुरपणीला जाणारी.

आजचा कायदा या ठिकाणी काय सांगतो? अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवता येत नाही. त्याला ताब्यात घेतलेच, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर केले पाहिजे. केंद्राच्या २०१६ सालच्या नमुना नियमांप्रमाणे अशा साध्या प्रकरणात प्रथम खबर नोंदवावयाचीच नसते. ठाण्याच्या रोजच्या डायरीत नोंद करून मुलाच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवावयाचा असतो. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात. त्या दोघांत निदान एक स्त्री असावीच लागते. चौकशी सुरू करताना पोलिसांनी मुलाला मारझोड तर केली नाही ना, याची खात्री मंडळाने करून घ्यावयाची असते. मुलाला आणि त्याच्या आईबापांना प्रत्येक पायरीवर काय चालले आहे ते समजले पाहिजे, आणि मुलाला मोफत वकील मिळाला पाहिजे, हीही मंडळाचीच जबाबदारी आहे.

येथे कलमाचा एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीचे कलम ३०३ आहे. तिला सामान्यतः तीन वर्षांपर्यंत शिक्षा. राहत्या घरातील किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरीचे कलम ३०५. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्यामुळे तेच पाचशे रुपये हातगाडीवरून गेले तर प्रकरण ‘किरकोळ’ ठरते, आणि दुकानाच्या आतून गेले तर ‘गंभीर’. किरकोळ प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत, आणि वाढवून दिलेल्या आणखी दोन महिन्यांत पुरी झाली नाही, तर ती तेथेच संपते. गंभीर प्रकरणाला ही सवलत नाही. म्हणून कागदावर कोणते कलम लिहिले गेले, हे वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

असे समजा, की मंडळाने चौकशी केली आणि ‘मुलाने चोरी केली’ असे ठरविले. पुढे काय? मंडळाला पुष्कळ मार्ग मोकळे आहेत : समज देऊन घरी पाठविणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून दंड, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर पालकांच्या हवाली करणे, किंवा विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवणे. आपल्या उदाहरणातील मुलाला मंडळाने समज दिली आणि घरी पाठविले. आईने देवापुढे साखर ठेवली. ‘सुटलो बाबा,’ असे बाप म्हणाला. परतीच्या एस. टी. गाडीत मुलगा मात्र खिडकीबाहेर पाहत गप्प बसला होता. कारण तो सुटला नव्हता. तो चोर ठरला होता.

येथे अपिलाचा प्रश्न उभा राहतो. २०१५ च्या अधिनियमाचे १०१ वे कलम सांगते की, मंडळाच्या आदेशाने नाराज झालेल्या कोणाही व्यक्तीने आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत बालन्यायालयाकडे अपील करावे. हे बालन्यायालय म्हणजे, सामान्यतः बोलावयाचे तर, जिल्ह्याचे सत्र न्यायालय. ताडकळसच्या माणसाला ते परभणीस. तीस दिवस उलटून गेले आणि त्याला पुरेसे कारण असले, तर न्यायालय उशीर माफ करू शकते. उलट बाजूने, ‘मुलाने गुन्हा केला नाही’ असा निर्णय मंडळाने दिला, तर असल्या प्रकरणात त्याविरुद्ध अपील चालत नाही. म्हणजे हे दार कायद्याने मुलासाठी उघडे ठेवले आणि दुकानदारासाठी बंद केले. यात मला कायद्याचे शहाणपण दिसते. सत्र न्यायालयाच्या अपिलातील निकालावर दुसरे अपील नाही. परंतु उच्च न्यायालय कलम १०२ अन्वये केव्हाही कागदपत्रे मागवून आदेश कायदेशीर आणि योग्य आहे की नाही, हे तपासू शकते. परभणी जिल्ह्यापुरते ते काम उच्च न्यायालयाचे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ पाहते.

खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमाने प्रत्येक बालकाला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आदेशाची प्रत घेऊन जावे आणि अर्ज करावा. म्हणून निकालाच्या दिवशी मंडळाच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वीच करावयाचे पहिले काम हे, की आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्यावा आणि त्यावरची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. रोजंदारी बुडवून परभणीला खेपा घालणाऱ्या माणसाचे तीस दिवस फार लवकर सरतात.

अपिलात म्हणावयाचे काय? ‘पोरगे लहान आहे, माफ करा’ असे नव्हे. ती दयेची याचना झाली. अपिलात विचारावयाचे ते हे : पुरावा कोठे आहे? आपल्याच उदाहरणाकडे पाहा. चोरी झाल्यानंतर लवकरच चोरीचा माल एखाद्यापाशी सापडला, तर त्यानेच चोरी केली असा तर्क न्यायालयाला करता येतो, हे खरे. पण त्यासाठी तो मालच चोरीचा असल्याचे प्रथम दिसले पाहिजे. नोटांवर दुकानदाराचे नाव नसते. पाचशे हरवले आणि दोनशे सापडले, एवढ्यावरून ते दोनशे त्यांतलेच, असे कसे म्हणावे? मामाला कोणी विचारले का? गल्ल्याजवळ त्या संध्याकाळी आणखी कोण कोण उभे होते? दुकानदाराने पैसे शेवटचे केव्हा मोजले होते?

दुसरा प्रश्न कबुलीचा. ‘ठाण्यावर मुलाने कबूल केले’ हे वाक्य अशा प्रकरणांत हटकून ऐकू येते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. प्रौढाच्या बाबतीत जी कबुली चालत नाही, ती चौदा वर्षांच्या पोराच्या बाबतीत कशी चालेल? परंतु याहून मोठा धोका निराळाच असतो. ‘हो म्हणून टाक, म्हणजे आजच घरी जाशील,’ असे मुलाला सांगणारे पुष्कळदा त्याचे हितचिंतकच असतात. मुलाने मंडळापुढे एकदा ‘हो’ म्हटले, की वरच्या न्यायालयापुढे मांडावयास फार थोडे उरते. हा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आपण त्या मुलाकडून काय लिहून घेत आहोत, याचा पूर्ण विचार करावा.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरादाराचा एक सामाजिक अहवाल तयार करतो. बाप काय करतो, घरात व्यसन आहे का, शाळा का सुटली, संगत कोणाची, इत्यादी गोष्टी त्यात येतात. मुलाला पुढे काय मदत करावी, हे ठरविण्यासाठी तो अत्यंत उपयोगी आहे. परंतु चोरी झाली की नाही, याचे उत्तर त्या अहवालात नसते. दारिद्र्य हा चोरीचा पुरावा नव्हे. शाळा सुटणे हा चोरीचा पुरावा नव्हे. आणि एखाद्या जातीत जन्म घेणे हा तर मुळीच नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने या देशातील कित्येक जमातींना जन्मतःच चोर ठरविले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कायदा गेला, पण त्याची सवय गेली का? पारध्याचे किंवा कैकाड्याचे पोर बाजारात गल्ल्याजवळ उभे राहिले, की दुकानदाराचा हात आपोआप गल्ल्यावर जातो. ती सवय निर्णयाच्या कागदात शिरली असेल, तर ती शोधून बाहेर काढणे हे अपिलाचे काम आहे.

चौथा प्रश्न वयाचा. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा होत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचा अर्थ व परिणाम कळण्याइतकी समज आली नसेल, तर त्याचेही नाही. आणि अठरा वर्षांखालील असल्याचा दावा खटला संपल्यानंतरसुद्धा करता येतो. पुण्यातील १९९४ सालच्या एका भयंकर खून-दरोड्याच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी घटनेच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये शाळेच्या दाखल्यावरून मान्य केले आणि त्याला सोडून दिले. तोपर्यंत त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. अपराध कितीही घोर असो, शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख वेळीच न पाहिल्याची किंमत अठ्ठावीस वर्षे असू शकते.

आता आपल्यापैकी काही जण दोन आक्षेप घेतील. पहिला असा की, मंडळाने फक्त समज दिली, शिवाय कायद्याने असल्या निर्णयाचे कागदही नष्ट करावयाचे असतात, मुलाचे नाव छापणाऱ्याला शिक्षा आहे, चारित्र्याच्या दाखल्यात त्याचा उल्लेख करता येत नाही. मग अपिलाचा खटाटोप कशासाठी? हे सर्व खरे आहे आणि योग्यही आहे. परंतु कायदा कागद नष्ट करू शकतो, गावाची आठवण नष्ट करू शकत नाही. ताडकळससारख्या गावात दुकान एकच गल्ली सोडून असते. पुढच्या वेळी कोणाच्या घरी काही हरविले, तर ‘त्या पोराला विचारा, त्याच्यावर एकदा झाले आहे’ हे वाक्य कोणत्याही कागदाशिवाय उच्चारले जाते. त्या वाक्याला ‘वरच्या न्यायालयाने तो निर्दोष आहे असे सांगितले’ हेच उत्तर पुरेसे पडते. आणि गाव एक वेळ विसरेल. मुलगा विसरणार नाही. मोठी माणसे खरेखोटे पाहत नाहीत, त्यांना प्रकरण मिटविण्याची घाई असते, हा धडा एकदा मनावर उमटला, की तो कोणत्याही समुपदेशनाने पुसला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. मुलाने खरोखरच चोरी केली असेल तर? अपील करून आपण त्याला खोटेपणाच शिकवीत नाही काय? महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत सांगितले आहे की, पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातील तुकडा चोरला होता. तो भार सहन होईना, तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून वडिलांच्या हाती दिली. वडिलांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले, आणि त्यांनी ती चिठ्ठी फाडून टाकली. त्या घरात फिर्याद नव्हती, पंच नव्हते. मुलाच्या मनातून आपण होऊन आलेले सत्य होते. असे सत्य ज्या मुलाच्या ओठावर आले असेल, त्याने ते जरूर बोलावे, आणि त्याच्या वडिलांनी तितक्याच मायेने ते ऐकावे. अशा घरी अपिलाची गरज पडत नाही. पण मुलगा ‘मी घेतले नाही’ असे पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याचे म्हणणे तपासून पाहण्याचा मार्ग त्याला मोकळा करून देणे, म्हणजे खोटेपणा शिकविणे नव्हे. सत्य तपासून घ्यावयाचे असते, हे त्याला त्यातूनच कळते.

आणि आपण, ज्यांच्या घरांतून किंवा दुकानांतून या फिर्यादी निघतात, त्यांचे कर्तव्य काय? आधी गादी उचलून पाहावी. मग पैसे पुन्हा एकदा मोजावे. त्यानंतरही तक्रार करावीच लागली, तर जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. जे वाटले ते पाहिले म्हणून सांगू नये. आणि उद्या त्या मुलाने अपील केले, तर तो आपला अपमान समजू नये.

मांडव्य ऋषी शिपायांपुढे गप्प राहिले, कारण त्यांनी मौनाचे व्रत घेतले होते. ठाण्यावर, मंडळापुढे, दुकानदारापुढे आपली मुलेही गप्प राहतात. पण त्यांचे ते व्रत नसते, ती भीती असते. मांडव्यांपाशी तपाचे बळ होते, म्हणून ते स्वतः धर्माच्या सभेत जाऊन जाब विचारू शकले. ताडकळसच्या मुलापाशी तप नाही. त्याच्यापाशी तीस दिवस आहेत, आदेशाची एक प्रत आहे, आणि त्याच्या वतीने बोलणारे कोणी असेल तर ते आहे. ते बोलणारे आपण व्हावे, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतो.